मृगाआधी छप्पर: सोलापुरात उन्हाळी घरदुरुस्तीला उतरणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

उन्हाळी सुट्टीत वस्तीतली घरे दुरुस्त करायला निघालेल्या गटाला सोलापुरात फार वेळ मिळत नाही. परीक्षा आटोपेपर्यंत एप्रिल सरत येतो, २५ मेच्या सुमारास रोहिणी लागतात आणि ७-८ जूनला मृग. त्याआधीच एखाद्या संध्याकाळी वळवाचा वारा येतो आणि पत्रे उचलून नेतो. हाताशी उरतात चार-पाच आठवडे, तेही सकाळ-संध्याकाळचे, कारण पारा ४२-४३ वर असताना दुपारी पत्र्यावर हात टेकवत नाही. एवढ्या वेळात पाच स्वयंसेवक, एक मुरलेला गवंडी आणि एक बिगारी मिळून सहा-सात घरे नीट पुरी करू शकतात. वीस घरांची यादी करून निम्मी अर्धवट टाकू नका. उघडे पडलेले छप्पर गळक्या छपरापेक्षा वाईट.

कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी छप्पर, मग पाणी निघून जाण्याची वाट, मग भिंती आणि सगळ्यात शेवटी रंग. वेळ किंवा पैसा कमी पडला तर रंग सोडा. देणगी देणाऱ्यांना रंगवलेल्या भिंतीचा फोटो हवा असतो. त्यांना हा क्रम पहिल्याच भेटीत समजावून सांगितला तर पुढची ओढाताण टळते.

पाहणी

पाहणी निदान पंधरा दिवस आधी करा. पूर्व भागात विणकर आणि विडी कामगारांच्या वस्त्यांमध्ये घरात तेलुगू बोलतात, काही ठिकाणी कन्नड. ती भाषा येणारा एक तरी माणूस बरोबर हवा. विड्या वळणारी बाई माल द्यायला कारखान्यात कधी जाते ते विचारून वेळ ठरवा, कारण घर कुठे गळते हे घरात सगळ्यात नेमके तिलाच ठाऊक असते. तिला "कुठे गळतं?" एवढेच विचारून थांबू नका. "अक्का, सरळ पावसात गळतं की वाऱ्याची झड आली की? पाऊस सुरू होताच, की थांबल्यावर?" असे विचारा.

या उत्तरांवरून निम्मे निदान होते. सरळ पावसात लगेच थेंब पडत असतील तर पत्र्याला भोक आहे किंवा स्क्रूचा वॉशर गेला आहे. फक्त झडीतच गळत असेल तर दोष पत्र्यांच्या लॅपमध्ये (एक पत्रा दुसऱ्यावर चढतो त्या भागात), छपराच्या माथ्यावर किंवा पत्रा भिंतीला टेकतो त्या सांध्यात असतो. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांनी ठिबकणारे घर स्लॅबचे असते, आणि वर पाणी साचून राहते. उन्हाळ्यातही ओल असेल तर पावसाचा संबंध नाही. शेजारच्या मोरीचा पाइप किंवा फुटके गटार शोधा.

पत्र्याच्या घरात एक सोपी परीक्षा आहे. भर उन्हात दार-खिडक्या बंद करून आत अंधार करा. जिथून उजेडाचे ठिपके दिसतील तिथे आतून खडूने खूण करा, टेपने भिंतीपासूनचे अंतर मोजून कागदावर लिहा. वर चढल्यावर तीच मापे धरून भोके सापडतात.

घर भाड्याचे असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. दुरुस्तीनंतर भाडे वाढवणार नाही हेही त्याच कागदावर लिहून घेतलेले बरे. काय करणार आणि काय करणार नाही, दोन्ही घरच्यांना वाचून दाखवा.

काही घरांना स्वयंसेवकांनी हात लावू नये. तुळईला खालून उभी किंवा तिरपी चीर, खोलीकडे झुकलेली भिंत, स्लॅबच्या बऱ्याच भागात उघड्या पडलेल्या गंजक्या सळ्या, मधोमध वाकलेले माळवद (लाकडी तुळयांवरचे मातीचे सपाट छप्पर) यांपैकी काहीही दिसले तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. अशा स्लॅबवर गिलावा मारणे म्हणजे धोका झाकून ठेवणे.

पत्रा

सोलापुरातल्या कामाचा मोठा हिस्सा पत्र्याचाच निघतो, म्हणून याचा हिशोब नीट शिकून घ्या.

समजा खोली १० बाय १२ फुटांची आहे आणि उतार १० फुटांच्या बाजूने आहे. पुढे-मागे एकेक फूट बाहेर काढला तर पत्रा १२ फुटी लागतो. १२ फुटांच्या बाजूला दोन्हीकडे सहा-सहा इंच धरले की १३ फूट होतात. रंगीत पत्र्याची लॅप सोडून पडणारी रुंदी बहुधा १ मीटर असते, म्हणजे चार पत्रे. जुन्या पद्धतीच्या नालीदार पत्र्याची रुंदी कमी भरते. दुकानात पत्रा टेपने मोजा आणि दीड ते दोन नाल्यांची लॅप वजा करूनच संख्या काढा. जाडी ०.५० मिमी घ्या. ०.३५ चा पत्रा स्वस्त पडतो, पण त्यावर पाय पडला की खळगा होतो, खळग्यात पाणी साचते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

पत्र्याखालचे आडवे अँगल किंवा पाइप एकमेकांपासून चार फुटांपेक्षा लांब ठेवू नका. १२ फुटी पत्र्याखाली चार ओळी येतात. कडेच्या दोन ओळींवर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारा, मधल्या दोन ओळींवर एक सोडून एक. पाच उंचवट्यांच्या पत्र्याला असे १६ स्क्रू लागतात, चार पत्र्यांना ६४. बाजूच्या लॅपचे आणि वाया जाणारे धरून ९० आणा. वारा कडेला धरून पत्रा उचलतो, म्हणून कडेचे स्क्रू वाचवायला जाऊ नका.

स्क्रू उंचवट्यावरच मारायचा, कारण नालीतून पाणी वाहते. त्यासाठी ५५ मिमी लांबीचा, रबरी वॉशरचा, स्वतःच भोक पाडणारा स्क्रू लागतो. खाली लाकडी वासा असेल तर लाकडाच्या आट्यांचा वेगळा स्क्रू मागा. वॉशर किंचित फुगून कडेने दिसू लागला की थांबा. नवखा माणूस ड्रिल दाबत राहतो, वॉशर चपटा होऊन फाटतो आणि नवे छप्पर पहिल्याच पावसात त्या भोकांतून गळते. ड्रिलचा क्लच (स्क्रू फिरवण्याचा जोर ठरवणारी कडी) कमी ठेवून आधी टाकाऊ तुकड्यावर प्रत्येकाकडून दहा-दहा स्क्रू मारून घ्या.

पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. पत्रे घालायला पूर्वेच्या टोकापासून सुरुवात केली की पुढचा प्रत्येक पत्रा आधीच्यावर चढतो, लॅपची उघडी कड पूर्वेला राहते आणि झड आत शिरत नाही. उतारात दोन पत्रे जोडावे लागले तर लॅप निदान सहा इंच ठेवा. उतार १० फुटांना १ फुटापेक्षा कमी असेल तर नऊ इंच ठेवून मध्ये ब्यूटाइलची (चिकट रबराची) पट्टी घाला. पत्रा कातरीने कापा. ग्राइंडरच्या ठिणग्या रंगात रुतून बसतात आणि पावसाळ्यात तिथे गंजाचे ठिपके उठतात. ग्राइंडर वापरावाच लागला तर पत्रा छपरावर चढवण्याआधी खाली कापा आणि कीस झाडून टाका.

आता दगडांविषयी. पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड, टायर, जुनी जाती ठेवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. वादळात पत्रा उचलला की हेच दगड झोपलेल्या माणसांवर पडतात. ते खाली उतरवा, पण छप्पर भिंतीला नीट बांधल्यानंतरच. स्क्रू कितीही मारले तरी अँगल भिंतीवर नुसते टेकवलेले असतील तर सगळा सांगाडा पत्र्यासकट उडतो. अँगलचे प्रत्येक टोक भिंतीत नऊ इंच आत घेऊन १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटमध्ये बसवा, किंवा लोखंडी पट्टीने दोन फूट खाली भिंतीशी बोल्टने जखडा. विटांची भिंत मातीत बांधलेली असेल तर बोल्ट धरत नाही. तिथे भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी घालावी लागते, आणि ते काम गवंड्याच्या देखरेखीखालीच करायचे.

संपूर्ण छप्पर बदलायचे नसेल तर डागडुजी करा. गेलेला स्क्रू काढून एक माप जाड स्क्रू आणि मोठा वॉशर घाला. भोकांवर ॲल्युमिनियमची ब्यूटाइल टेप लावा. त्याआधी गंज तारेच्या ब्रशने घासून, फडक्याने पुसून पत्रा कोरडा करा आणि टेप भोकाच्या चारी बाजूंना दोन इंच पुढे जाऊ द्या. डांबर लावलेले ठिगळ सोलापूरच्या उन्हात वर्षभरात तडकते.

करड्या रंगाचे जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. त्यांना घासू नका, कापू नका, भोके पाडू नका. त्यांची धूळ फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी आजार करते. त्यांच्यावर पाय देणेही घातक, कारण ते काचेसारखे अचानक फुटतात.

घर थंड राहावे म्हणून पत्र्यावर चुना लावायची सूचना हमखास येते. चुना स्लॅबसाठी चांगला, पत्र्यावर नको. ओला चुना जस्ताचा थर खातो आणि वाळला की पापुद्रे धरतो. पत्र्यावर पांढरा ॲक्रिलिक रूफ पेंट दोन हात द्या, सकाळी नऊच्या आत.

माळवद

जुन्या शहरात आणि तालुक्यांच्या गावांत अजून माळवदे आहेत, आणि दुरुस्तीत सर्वात जास्त हानी त्यांचीच होते. दरवर्षी मृगाआधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा हा रिवाज. गळती थांबते खरी, पण वजन साठत जाते. १०० चौरस फुटांवर एक इंच माती म्हणजे सुमारे ४०० किलो. दहा वर्षे असेच थर चढले तर खालच्या तुळया वाकतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा जाड माळवदे आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, हजारो माणसे गेली. किल्लारी इथून फार लांब नाही.

म्हणून जेवढी माती घालणार तेवढी आधी खरवडून खाली उतरवा. माती एका कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, घमेल्याने लगोलग खाली द्या. एका वेळी चारपेक्षा जास्त माणसे माळवदावर नकोत आणि ती एका जागी उभी राहायला नकोत. गवत, झुडपांची मुळे, उंदरांची बिळे खणून काढा. खालचे लाकूड बोथट स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक अर्धा इंच सहज आत गेले तर लाकूड वाळवीने किंवा कुजीने पोखरलेले आहे, काम थांबवा. विशेषतः तुळईचे भिंतीत गेलेले टोक पाहा, ओल तिथेच मुरते.

चाळलेली पांढरी माती पाणी शिंपडून मुठीत गोळा होईल इतपतच ओली करा, दीड इंच पसरा आणि लाकडी चोपण्याने चोपून एक इंचावर आणा. उतार पन्हाळीकडे असू द्या. पन्हाळ भिंतीपासून निदान एक फूट पुढे आलेली हवी, नाहीतर तिचे पाणी खालची मातीची भिंत खाते. माळवदावर सिमेंटचा कोबा मात्र घालू नका. माती हलते, कोबा तडकतो, चिरेतून पाणी आत जाते, आणि कोब्याखालची ओल वर निघू शकत नाही म्हणून लाकूड कुजते. वरून सगळे ठणठणीत दिसत असतानाच हे घडते.

स्लॅब

स्लॅब गळतो तो बहुतेक वेळा कोपऱ्यातून किंवा पाण्याच्या टाकीखालून. खात्री करायला स्लॅबवर २४ तास पाणी कोंडून पाहायचे असते. पण १०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे २३६ लिटर, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घराकडे ते मागायला मन धजत नाही. संशयित जागेभोवती मातीचे दोन फुटी आळे करा आणि त्यात बादलीभर पाणी ठेवा. एक जागा झाली की दुसरी. थोडा वेळ जास्त लागतो, पण दोष नेमका सापडतो.

चीर छन्नीने पाऊण इंच रुंद आणि तितकीच खोल, इंग्रजी व्हीच्या आकारात उघडा. धूळ पूर्ण काढा, भिजवा, वरचे पाणी टिपा, पॉलिमर (माल घट्ट चिकटवणारे दुधाळ रसायन) आणि सिमेंटची पातळ स्लरी लावा आणि ती ओली असतानाच पॉलिमर मिसळलेला १:३ (सिमेंट, वाळू) माल दाबून भरा. कठडा आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यात दोन इंचांची गोलाई करा. मग जाळी घालून पांढऱ्या ॲक्रिलिक वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या. १०० चौरस फुटांना चार ते पाच लिटर लागते. तापलेल्या स्लॅबवर लावले तर फोड येतात, म्हणून हे काम सूर्य वर येण्याआधीचे. गळती नसेल आणि फक्त उकाड्याचा त्रास असेल तर चुना, थोडे पांढरे सिमेंट आणि डिंक मिसळून दोन-तीन हात द्या. चुना कालवताना गॉगल लावाच, डोळ्यात उडाला तर इजा कायमची होऊ शकते.

भिंती आणि काळी माती

सोलापूरच्या बऱ्याच भागात पाया काळ्या मातीत आहे. ही माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, त्याबरोबर घर हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी चीर बहुधा त्यामुळेच असते. मेमध्ये ती सर्वात रुंद असते. तेव्हाच तिच्यात कडक सिमेंट ठोकून भरले तर पावसाळ्यात भिंत मिटायला बघते आणि शेजारी नवी चीर पडते. अशी चीर ॲक्रिलिक क्रॅक फिलरने भरा, आणि खरा उपाय जमिनीवर करा: भिंतीलगत सगळीकडे अडीच-तीन फूट रुंद फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा, बाहेर उतार देऊन. मोरीचे सांडपाणी पायाशी मुरत असेल तर पाइपने लांब न्या. पायाला लागून झाड नको.

घरातच पॉवरलूम चालत असेल तर मागाजवळच्या भिंतीच्या चिरा कंपनानेही पडतात. तिथेही कडक माल टिकत नाही. माग बंद असण्याच्या दिवशीच काम धरा.

गिलाव्यासाठी १:५ प्रमाण ठेवा. अर्धा इंच जाडीने १०० चौरस फुटांना सिमेंटची साधारण एक गोणी आणि साडेपाच घनफूट वाळू लागते. सिमेंट आणि वाळू एकाच घमेल्याने, काठोकाठ मोजा. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) असेल तर प्लास्टरची बारीक आणि धुतलेली घ्या, भुकटी जास्त असली की पृष्ठभागावर केसासारख्या चिरा येतात. पोकळ वाजणारा जुना गिलावा पूर्ण पाडा, विटांचे सांधे अर्धा इंच खरवडा आणि भिंत आदल्या संध्याकाळी भिजवा. कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते आणि गिलावा सुटतो. या उन्हात कालवलेला माल अर्ध्या तासात संपवा, घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालू नका.

सात दिवस पाणी मारणे हाच गिलाव्याचा जीव. त्यामुळे गिलाव्याचा दिवस पाणी येण्याच्या दिवसाशी जुळवा आणि २०० लिटरचे एक पिंप दुरुस्तीसाठी वेगळे भरून ठेवा. भिंतीवर गोणपाट किंवा जुन्या चादरी टांगून त्या ओल्या ठेवल्या तर पाणी खूप कमी लागते. जुन्या चादरींना या शहरात तोटा नाही. पाणी मारायला घरातल्या बाईवर भार टाकू नका, स्वयंसेवकांच्या पाळ्या लावा.

ऊन, शिडी, वीज

काम सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

शिडी चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर अशी लावा, छपराच्या कडेपेक्षा तीन फूट वर जाऊ द्या आणि वर बांधा. पत्र्यावर चालताना स्क्रूच्या ओळीवर पाय ठेवा, खाली अँगल तिथेच असतो. आभाळ भरून आले की पहिल्या गडगडाटाला सगळ्यांनी खाली यायचे. संध्याकाळी कोणतेही छप्पर उघडे सोडायचे नाही, ताडपत्री दोरीने बांधूनच घरी जायचे.

पत्र्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा आणि टेस्टरने पत्रा तपासा. खांबावरून येणारी वायर पत्र्याला घासत असेल तर ते काम महावितरणचे. घरातले वायरिंग परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. पैसे उरत असतील तर रंगाआधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. पत्र्याच्या घरात ती जीव वाचवते.

पहिल्या वळवानंतर

पहिला पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी जा. एखादी जागा गळणारच, आणि ती आता लगेच सापडते. सोलापुरात सर्वात जास्त पाऊस सप्टेंबरात येतो, म्हणून पोळ्याच्या आसपास एक फेरी आणखी ठेवा: पन्हाळीतला कचरा, सैल स्क्रू, पायाशी साचणारे पाणी एवढेच पाहायचे. प्रत्येक घरात दहा जादा स्क्रू, हातभर ब्यूटाइल टेप आणि काय-काय बदलले याचा एक कागद ठेवून या. कागद घरच्यांना वाचता येईल त्या भाषेत लिहा आणि खाली गवंड्याचा फोन नंबर त्याला विचारून घाला.